मार्थाबाईची भिंत

नयन भिंतीला कान लावून उभी होती आणि बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत होती. ठक... ठक... ढब. तेवढ्यात मागून आवाज आला,

"अंदर कोनी राहत नाही, मॅडम. फादरले भेटाचं असन तं दरवाजा समोरून हाय."

ती दचकली. वळून पाहिलं, तर एक उंच, सावळा तरुण मोटारसायकलला टेकून उभा. चेहरा अगदी गंभीर. डोळे मात्र साफ हसत होते.

"मी भिंतीशी बोलत होते," नयन म्हणाली.

"मंग? काय म्हनते भिंत?"

"अजून नीट ओळख व्हायची आहे."

"बाहेरच्या मान्साले ते लवकर काही सांगत नाही. आमच्या गावची हाय ना!"

नयनला हसू आलं आणि लगेच तिनं ते आवरलं, कारण ती आली होती ती हसण्यासारख्या कामासाठी नाही. नागपूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम पाहायची. चिंचखेडीच्या फादरांनी तिथं फोन केला होता. चर्चची उत्तरेकडची भिंत आतून पोपडे टाकत होती, आणि छपराची एक सागवानी तुळई भिंतीत जिथं टेकते तिथं मऊ पडली होती. गावातले बरेच लोक म्हणत होते की पाडा आणि स्लॅबचं नवं बांधा. पाडायचं की राखायचं, ते ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्साची प्रार्थना झाल्यावरच्या सभेत ठरणार होतं. नयन काय सांगते यावर सगळं होतं.

"हे बाहेरचं प्लास्टर कुणी केलं?" तिनं सहज विचारलं.

तो मोटारसायकलवरून सरळ उभा झाला.

"मी. म्हंजे मी अन् गावातले पोट्टे. चार वर्सं झाले. एक चीर दाखवा यात... दाखवाच!"

चीर नव्हतीच. सिमेंटचं, कडक, गुळगुळीत प्लास्टर, वर पिवळसर ऑइलपेंट. तो पुलांच्या कामावर सुपरवायझर होता, आणि आपलं काम जाणणाऱ्या माणसाचा हात त्यात दिसत होता. रजत त्याचं नाव. चर्चच्या दफ्तरी तो राफाएल होता, पण त्या नावानं हाक फक्त फादर मारायचे, तीही रागावले तरच.

नयनला मात्र ती पोकळ 'ढब' कळली होती. जुनी भिंत विटा-चुन्याची. जमिनीतली ओल अशी भिंत पिते आणि उन्हा-वाऱ्यात परत सोडून देते, शंभर वर्षं तिचा हाच क्रम असतो. तिला वरून सिमेंटनं बंद केलं की ओल आतच अडकते आणि वर चढत जाते. विटा भुगा होतात, लाकूड सडतं. दुखणं भिंतीचं नव्हतंच. दुखणं समोर उभ्या माणसाच्या अभिमानाचं होतं.

सांगू उद्या, असं तिनं मनाशी म्हटलं. असे 'उद्या' किती लांबतात, ते आपल्याला काय नवीन आहे!

दुसऱ्या दिवसापासून मोजमाप सुरू झालं. फादरांनी रजतला टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं, आणि कामावर जायच्या आधी सकाळी आणि परतल्यावर संध्याकाळी तो ते धरू लागला. फेब्रुवारीतली सकाळ. शेतांत कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, आणि चर्चच्या आवारात कडुनिंबाची पिवळी पानं सारखी गळत असायची.

"ही इमारत एका दमात झालेली नाही," नयन सांगायची. "खालचा काळा दगड सगळ्यात जुना. त्यावर आधी बुटका हॉल असेल, गवताच्या छपराचा. इथं बघा, इथून वर विटेचा आकार बदलतो. म्हणजे भिंती नंतर उंच केल्या. आणि हा घंटेचा मनोरा आणखी नंतरचा. भिंतीत गुंतवलेलाच नाही, नुसता शेजारी येऊन उभा राहिलाय."

"माह्यासारखा," रजत म्हणाला.

तिनं ऐकलं नाहीसं दाखवलं आणि पुढचा आकडा लिहिला. तो चुकला. परत मोजावं लागलं.

सगळ्यात गंमत खिडक्यांची होती. दक्षिणेच्या खिडक्यांच्या कमानी टोकदार, परदेशी वळणाच्या. उत्तरेच्या मात्र गोल, आणि प्रत्येकीच्या मधल्या दगडात एकेक कमळ कोरलेलं.

"आमी लहानपनी म्हनो, तिकडच्या खिडक्या पाद्र्याच्या अन् इकडच्या मिस्त्र्याच्या."

"बरोबरच म्हणायचात. मला वाटतं, परदेशी फादर उभे राहून सांगत होते तोवर टोकदार कमानी झाल्या. मग ते आजारी पडले असतील, नाहीतर गेले असतील. मिस्त्री थांबले नाहीत. त्यांचे हात देवळं बांधून तयार झालेले, त्यांना जे येत होतं ते त्यांनी मनापासून केलं."

रजत कितीतरी वेळ त्या कमळांकडे पाहत राहिला. जन्मापासून तो त्यांच्याखाली बसत होता.

"तुमाले भिंतीतलं इतकं दिसते," तो हळूच म्हणाला, "मान्साच्या मनातलं दिसते का?"

"माणसं वरून प्लास्टर करून घेतात ना. कसं दिसणार?"

तो खळखळून हसला. नयनला मात्र हसता आलं नाही, कारण या दोघांत मनावर प्लास्टर करून कोण फिरत होतं, ते तिला पक्कं माहीत होतं. आज सांगू, असं ठरवून ती सकाळी सिस्टरांच्या होस्टेलातून निघायची. तो गेटपाशी उभा दिसला की तिची पावलं हलकी व्हायची, आणि सांगायचं ते तसंच राहून जायचं.

शुक्रवारी संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. आला म्हणजे काय, कोसळलाच. कपाशी वेचणाऱ्या बायांची पळापळ झाली, टिनाच्या छपरावर गारा वाजू लागल्या, आणि चर्चमध्ये दोघंच अडकले. वीज गेलेली. वेदीपाशी एक मेणबत्ती तेवढी जळत होती. उत्तरेच्या भिंतीजवळच्या बाकावर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"इथी माही माय बसे," रजत म्हणाला. "याच बाकावर."

पावसाच्या आवाजात त्याचा आवाज खोल गेला होता.

"मार्थाबाई म्हनत तिले. मार्चात जोसेफबाबाचा सन आला का पंध्रा दिवस आधी बाया जमत. आमच्या, तांड्यावरच्या, साऱ्याच. कळीचा चुना टाक्यात भिजवत, अन् सारं चर्च पांढरं करत. मायच्या हातात कुंचा. शिडीवर चढे, कोनाचं ऐके नाही. हाताले फोडं येत चुन्यानं. मी म्हनो, कायले करतं माय एवढं? तं म्हने, घर सारवाले कोनी विचारते का कायले म्हनून?"

तो थांबला. बाहेर वीज कडकडली.

"गेली ते पाच वर्सांआधी. तापाचं निमित्त झालं. तवाच्या सनाले एकबी बाई आली नाही चुना लावाले. कुंचा धराची हिंमतच नाही झाली कोनाची. भिंत काळीच राह्यली. मले ते पाहवे नाही. मंग पुढच्या वर्सी मी पक्कं प्लास्टर करून देल्लं, वरून ऑइलपेंट. मायच्या नावानं. आता कोनाच्याच हाताले फोडं येत नाहीत."

नयनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मधल्या रिकाम्या जागेवर ठेवलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं हात हलवला नाही. किती वेळ गेला कोण जाणे... गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला.

"रजत, मला एक—"

"बोला ना."

त्यानं मान वळवून पाहिलं. इतक्या विश्वासानं तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"...काही नाही."

बाकामागे भिंतीवर आतून पाण्याचे थेंब फुटले होते, घाम फुटावा तसे. रजतनं तळव्यानं ते पुसले. "भिंत म्हातारी झाली," तो म्हणाला, "तिची काही चूक नाही." नयननं मान खाली घातली. आता सांगितलं तर त्याची आई त्याच्यापासून दुसऱ्यांदा जाईल, आणि आपणही त्याच्यापासून जाऊ, असं तिला वाटलं. यातलं दुसरं भय जास्त मोठं होतं, हे तिनं त्या क्षणी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

रविवारी मिस्सा झाल्यावर लोक बाकांवरच बसून राहिले. फादरांनी विषय काढला. सदाशिवराव म्हणून कमिटीतले जुने गृहस्थ होते. ते म्हणाले, "भिंतीत आता दम नाही राह्यला. उद्या एखाद्या लेकरावर पडली तं? पाडा अन् मोठं बांधा." बऱ्याच माना हलल्या.

तेव्हा रजत उठला.

"भिंतीत दम काहून नाही? मी स्वतः प्लास्टर केलं. मॅडमनं आठ दिवस ठोकून पाह्यलं, त्याइले विचारा. सांगा मॅडम. माह्यं प्लास्टर मजबूत हाय का नाही?"

सगळं चर्च तिच्याकडे वळलं. तो ताठ उभा होता, तिच्या उत्तराची आधीच खात्री असल्यासारखा. 'हो' म्हटलं असतं तर तो खूश झाला असता, आणि दोष म्हाताऱ्या भिंतीवर जाऊन पावसाळ्याआधी चर्च पाडलं गेलं असतं. मिस्त्र्यांची कमळं, मार्थाबाईचा बाक, सगळंच.

"प्लास्टर मजबूत आहे," नयन म्हणाली. "इतकं मजबूत आहे की आतली ओल बाहेर येऊच शकत नाही. भिंत म्हातारी नाही. ती गुदमरते आहे. चुना लावत होतात तोवर ती धडधाकट होती. हे प्लास्टर काढलं, तर ती जगेल."

रजतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तो हळू बाकाबाहेर आला, वेदीसमोर गुडघा टेकला आणि निघून गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात जात संपला.

सभेनं ठरवलं की प्लास्टर काढायचं. भिंत सुकायला लागली तर राखायची, नाही तर मे महिन्यात पाडायची. ठरवणं सोपं होतं. सोमवारी छिन्नी-हातोडा घेऊन एकही माणूस आला नाही. मंगळवारीही नाही. ज्यानं त्यानं काही ना काही निमित्त सांगितलं. खरी गोष्ट तांड्यावरच्या मैनाबाईनं सांगितली. मार्थाबाईबरोबर जन्मभर चुना कालवलेली बाई ती.

"ते प्लास्टर नोहे बाई, मार्थाची आठवन हाय. तिच्या पोरानं बांधलेली. तिच्यावर घन कोन घालन?"

"तुम्ही सांगाल का त्याला?"

"मी कायले सांगू? बोललं कोन होतं सभेत?" मैनाबाईनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि मग जरा मऊ होऊन म्हणाली, "आधी खाऊन घे काही. तोंड पाह्य कसं झालं."

नयननं फोन लावले, त्यानं उचलले नाहीत. पुलाच्या कामावर मुक्काम आहे, एवढंच फादरांना माहीत होतं. तिला जेवण जाईना. रात्री होस्टेलाच्या खिडकीतून चर्चची ती भिंत दिसायची, आणि एवढं खरं बोलूनही खोटारड्यासारखं का वाटतंय, ते तिला कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती स्वतःच हातोडा घेऊन भिंतीपाशी गेली. छिन्नी लावली. हात वर उचलला. आणि तिलाही ते जमेना.

"सरका."

तो कधी आला, तिला कळलंच नव्हतं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. त्यानं तिच्या हातातून छिन्नी घेतली.

"हे तोडाचं काम माह्यं हाय," तो म्हणाला.

पहिला घाव बसला. कडक प्लास्टरला मोठी भेग गेली, आणि दुसऱ्या घावाला परातीएवढा तुकडा खाली पडला. आतून ओल्या मातीचा, कोंडलेला, जुना वास आला. रजत घाव घालत राहिला. दात आवळलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि ते पुसायला हात मोकळा नाही. नयन बाजूला उभी राहून तुकडे उचलत होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

एके ठिकाणी प्लास्टर अलगद सुटून आलं, आणि खाली जुना चुना तसाच निघाला, एकावर एक बसलेल्या पातळ थरांचा. नयननं नखानं त्याची कड मोकळी केली. खालचे थर पांढरे होते. वरचे पुष्कळसे मात्र फिकट निळे.

रजतनं छिन्नी खाली ठेवली.

"नीळ," तो म्हणाला. "माय नीळ जरा जास्तच टाके. फादर चिडत, म्हनत, मार्थाबाई, चर्च हाय का आभाळ? ते नुसती हासे." त्यानं त्या थरावर हात ठेवला. तळव्याला निळसर पूड लागली. "मी तिच्यासाठी प्लास्टर केलं म्हनून राह्यलो, अन् तिच्याच हातचं काम झाकून टाकलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"हाव. मले माईत नव्हतं." तो वळला. "तुमाले माईत होतं."

नयननं हातातला तुकडा खाली ठेवला.

"खरं बोलल्याचा राग नाही मले. खऱ्याचा राग किती दिवस धरन मानूस? शुक्रवारी पानी पडून राह्यलं होतं, मी माह्या मायचं सारं तुमाले सांगितलं. जे आजपावतर कोनाले सांगितलं नाही ते. तुमी बाजूले बसल्या होत्या. तवा नाही सांगितलं. अन् सांगितलं तं साऱ्या गावासमोर!"

"मी भ्यायले होते."

"कायले?"

"तुम्ही माझ्याशी बोलणं सोडाल, याला." आता ती थांबली नाही. "भिंतीचा विचार मी केलाच नव्हता रजत. शुक्रवारी कळलं काय आणि रविवारी कळलं काय, भिंतीला काय फरक पडत होता? मला तुम्ही रोज सकाळी गेटपाशी उभे दिसायला हवे होतात. एवढंच. माझं चुकलं. फार चुकलं."

त्यानं छिन्नी उचलली, आणि दुसरा हातोडा तिच्या हातात दिला.

"खालून धरा," तो म्हणाला. "वरून मी पाहतो."

दुपारपर्यंत आवाज ऐकून गावातले पोट्टे आले. संध्याकाळी सदाशिवरावही आले, आणि कुणी काही न म्हणता घमेलं उचलायला लागले. आठवड्यात सगळं प्लास्टर उतरलं. उन्हं तापायला लागली होती. वीट खालून गडद होती ती रोज थोडी थोडी उजळत गेली, आणि मार्चच्या मध्यावर नयननं फादरांना सांगितलं की भिंत सुकते आहे, पाडायची गरज नाही. सडलेलं तुळईचं टोक कापून नवं सागवान जोडता येईल. फादरांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

जोसेफबाबाच्या सणाच्या दिवशी भिंत तशीच उघडी होती, तांबडी, व्रणांनी भरलेली. एवढ्यात चुना लावायचा नव्हता, तिला आणखी एक उन्हाळा मोकळं राहू द्यायचं होतं. त्या भिंतीशेजारीच मिस्सा झाला. मार्थाबाईच्या बाकावर मैनाबाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती, आणि सगळा वेळ भिंतीकडे पाहून रडत होती.

दुसऱ्या दिवशी नयनचं काम संपलं. रजत तिला फाट्यावर सोडायला आला. एसटीला वेळ होता. निवाऱ्याच्या सावलीत दोघं उभे राहिले, आणि इतके दिवस इतकं बोलणारा तो माणूस बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"दिग्रसले, घरी जानार का आता?" शेवटी त्यानं विचारलं.

"आधी घरी, मग नागपूर."

"घरी... सांगान काही?"

"सांगणार आहे."

"तुमचे घरचे आयकतीन? मी किरिस्ताव, तुमी पाटलाच्या घरच्या."

"ओरडतील," नयन म्हणाली. "आई रडेल, दोन दिवस बोलणार नाही. मग बाबा विचारतील, पोरगा कसा आहे."

"मंग काय सांगान?"

"चुकला तर स्वतःच्या हातानं तोडतो, असा आहे म्हणेन."

रजतनं वर पाहिलं. पांढरकवड्याकडून एसटीचा धुरळा दिसायला लागला होता.

"मले बी एक सांगाचं हाय," तो म्हणाला. "उद्या तुह्या बाबासमोर सांगीन, गावासमोर सांगीन, फादरसमोर सांगीन. पन आधी तुले सांगतो. एकटीले. मले तू पायजे, नयन. जन्मभर. सोडून जाऊ नको असं नाही म्हनत मी... जा. पन वापस ये."

एसटी येऊन थांबली. दार उघडलं. कंडक्टरनं "चला, चला" म्हणून घाई केली. नयननं बॅग खाली ठेवली, त्याचा छिन्नी-हातोड्यानं सोललेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि शहरात जपून वापरायची ती भाषा विसरून घरच्या बोलीत म्हणाली,

"मले बी तूच पायजे. येतो मी."